गणपती पेठेतल्या हळदवाल्यांची वेबसाइट : एका मेंटेनन्सची पूर्ण केस

२०२५ चा फेब्रुवारी, मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू झालेले, आणि फोन आला तो वहिनींचा. मागं पोती उतरवायची गडबड, टेम्पोचा हॉर्न सगळं ऐकू येत होतं. म्हणल्या, "दादा, पुण्याचं एक गिऱ्हाईक म्हणतंय की तुमच्या दुकानाचं नाव गुगलला टाकलं की चिनी अक्षरं येतात, मी इथनं बघतीय तर साइट एकदम बरोबर उघडतीय, काय असेल हे?" मी वेबसाइटच्या मेंटेनन्सचं काम करतो, सांगलीतल्या विश्रामबागच्या ऑफिसात बसल्या बसल्या त्यांच्या दुकानाचं नाव टाकलं. अक्षरं चिनी नव्हती, जपानी होती. हळदीच्या दुकानाच्या पत्त्याखाली ब्रँडेड पर्स आणि घड्याळांची जपानी जाहिरात, एक नाही, पानंच्या पानं.

ही केस सविस्तर लिहायचं कारण म्हणजे सांगली-मिरजेत, इस्लामपूर-तासगावात अशा शेकडो साइट आहेत ज्या एकदा बनवल्या आणि नंतर कुणी त्यांच्याकडं बघितलंच नाही, आणि मालकाला वाटतं की साइट उघडतीय म्हणजे चालतीय. दुकानाच्या शेठनी लिहायला परवानगी दिली, फक्त दुकानाचं नाव नको म्हणाले, म्हणून नाव नाही.

दुकान गणपती पेठेत, मारुती चौकाच्या बाजूला. हळद, हळद पावडर, बेदाणा आणि थोडे मसाले. दुसरी पिढी. शेठ साठीच्या पुढं, आणि ऑनलाइनचं सगळं सूनबाई बघतात, त्यांनाच मी वहिनी म्हणतो. साइट २०२० साली लॉकडाऊनमध्ये ओळखीतल्या एका पोरानं करून दिलेली, वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि त्यावर ऑनलाइन दुकान चालवणारं वूकॉमर्स, साठेक प्रॉडक्ट, यूपीआय-कार्डचं पेमेंट जोडलेलं. पोरगं हुशार होतं, काम खरंच चांगलं केलेलं. एकरकमी पैसे घेतले, साइट दिली, वर्षभरानं नोकरी लागली आणि ते पुण्याला गेलं. त्यानंतर चार वर्षं साइटला कुणी हात लावला नाही. वहिनी फक्त रेट बदलायच्या आणि ऑर्डरी बघायच्या.

आणि साइट चालत होती बरं का, हे महत्त्वाचं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, हळदीला २०१८ ला, त्यामुळं मुंबई-पुण्याचे लोक "सांगलीची हळद" असं शोधूनच येतात, आणि यांची साइट त्यात वर दिसायची. घाऊक धंद्यासमोर ही कमाई छोटी, पण दर आठवड्याला पार्सलं जात होती.

काय सापडलं

पहिलं काम म्हणजे गुगलमध्ये इंग्रजीत "site" लिहून, कोलन देऊन, पुढं त्यांचा पत्ता टाकला, म्हणजे त्या साइटची गुगलकडं असलेली पानं दिसतात. खरी पानं शंभरच्या आत असायला पाहिजेत, गुगल दाखवत होतं अकरा हजारांच्या वर. या प्रकाराला गुगलनंच नाव दिलंय, जपानी कीवर्ड हॅक. ह्यात घुसणारा माणूस साइट बंद पाडत नाही, उलट ती व्यवस्थित चालू राहावी असंच त्याला वाटत असतं, कारण त्याला तुमच्या पत्त्याची पत वापरायची असते. साधा माणूस आला की हळदीचं पान दाखवायचं, गुगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) आला की जपानी पान दाखवायचं. म्हणून वहिनींना काहीच दिसत नव्हतं. सर्च कन्सोल म्हणजे साइटच्या मालकांसाठीचं गुगलचं टूल, त्यातलं यूआरएल इन्स्पेक्शन वापरून गुगलला काय दिसतंय ते मी त्यांना दाखवलं तेव्हा त्या दोन मिनिटं गप्पच झाल्या.

सर्च कन्सोल उघडलं तर तिथं मालकांच्या यादीत एक अनोळखी जीमेल पत्ता. त्यानं साइटवर एक छोटी एचटीएमएल फाइल टाकून स्वतःला मालक म्हणून व्हेरिफाय करून घेतलेलं, आणि स्वतःचा साइटमॅप (गुगलला द्यायची पानांची यादी) पण देऊन ठेवलेला. नुसतं नाव काढून उपयोग नसतो, ती फाइल राहिली तर तो परत मालक होतो, म्हणून आधी फाइल काढली आणि मग नाव.

आत सर्व्हरवर बघितलं तर अपलोडच्या फोल्डरमध्ये, जिथं फक्त फोटो असायला पाहिजेत, तिथं पीएचपी फाइली, म्हणजे सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम. एक जादा अ‍ॅडमिन युजर. एचटीअ‍ॅक्सेस फाइल (कुणाला काय दाखवायचं ते सर्व्हरला सांगणारी) बदललेली. पीएचपी, ज्या भाषेत वर्डप्रेस लिहिलंय, ते ७.४ व्हर्जनचं, ज्याची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपलीय, म्हणजे त्यानंतर त्यात सापडलेली कुठलीही फट अधिकृतपणे बुजवली गेलेली नाही. वूकॉमर्स चार वर्षं जुनं. आणि एक स्लायडर प्लगिन (प्लगिन म्हणजे वर्डप्रेसला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम), मूळ विकतचं, पण हे कुठनं तरी फुकट डाउनलोड केलेलं, ज्याला नल्ड म्हणतात, त्यामुळं त्याला अपडेट येण्याचा प्रश्नच नव्हता. होस्टिंगवाल्याकडं लॉग फक्त काही दिवसांचेच राहतात, त्यामुळं नेमकं कुठल्या दारानं आत आले ते सिद्ध करता आलं नाही, पण माझं मत विचाराल तर हेच प्लगिन. नल्ड प्लगिनमध्ये मागचं दार आधीच बसवून देतात, ते फुकट वाटण्यामागं दुसरं कारण असतंय कुठं?

लोकांना वाटतं की आपलं दुकान बारकं, आपल्याला कोण हॅक करणार. कुणी माणूस बसून तुमचं दुकान निवडत नाही हो, प्रोग्रॅम लाखो पत्त्यांवर एकच कुलूप ठोकून बघत फिरत असतात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये फाइल मॅनेजर नावाच्या एका प्लगिनमध्ये अशी फट सापडलेली, तेव्हा ते सात लाखांपेक्षा जास्त साइटवर होतं, आणि ज्या दिवशी दुरुस्तीचं व्हर्जन आलं त्या दिवशी हल्ले आधीच सुरू झालेले होते. ज्यांच्या साइटवर कुणाचं लक्ष होतं त्यांनी त्याच दिवशी अपडेट केलं, बाकीचे सापडले.

उतारा कुणाच्या नावावर

हॅकिंग साफ करता येतं, ते माझ्या हातातलं काम आहे. मला खरी भीती वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, माहिती बघितली तर ते पाच वर्षांसाठी घेतलेलं आणि मुदत संपायला चोवीस दिवस राहिलेले. रिन्यूअलचे मेल कुणाला जात होते? त्या पोराच्या कॉलेजच्या वेळच्या ईमेलवर, जो तो उघडतच नव्हता. खातं त्याचं, मालक म्हणून नाव त्याचं. शेठना मी म्हणलं, "शेठ, दुकान तुमचं, पाटी तुमची, पण उतारा दुसऱ्याच्या नावावर आहे." हे त्यांना एका वाक्यात समजलं. हॅकिंगबद्दल मी अर्धा तास बोललो तरी ते शांत होते, इथं मात्र खुर्चीतनं उठले.

डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की लगेच जात नाही, रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) काही दिवस सवलत देतो, मग ३० दिवस रिडेम्प्शनचे असतात ज्यात सोडवायला मोठी फी लागते, मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, आणि त्यानंतर जगात कुणीही ते घेऊ शकतो. पण साइट आणि मेल मुदत संपल्यावर लगेचच बंद पडू शकतात, आणि ते सीझनच्या तोंडावर होणार होतं.

पोराचा नंबर शोधायला तीन दिवस गेले, त्याच्या मामांकडनं मिळाला. त्याची लबाडी काहीच नव्हती, तो स्वतःच घाबरला, म्हणाला मला वाटलं शेठनी कधीच नावावर करून घेतलं असेल. जुन्या मेलचा पासवर्ड परत मिळवण्यात आणखी सहा दिवस. इथं एक गोष्ट सांगतो जी बऱ्याच जणांना माहीत नसते : घाईघाईत आधी मालकाचं नाव बदलू नका, नाव बदललं की साधारणपणे ६० दिवस डोमेन दुसऱ्या कंपनीकडं हलवता येत नाही. आम्ही आधी रिन्यू केलं, मग त्याच रजिस्ट्रारकडं शेठच्या फर्मचं खातं उघडून डोमेन तिकडं पुश करून घेतलं, आणि सगळ्यात शेवटी नाव बदललं. ट्रान्सफरची भानगडच नाही. मुदतीच्या पंधरा दिवस आधी काम झालं.

साफसफाई

जी साइट बिघडलीय तीच घासत बसणं मला पटत नाही. दहा मागची दारं बंद केली आणि अकरावं राहिलं तर आठवड्यात परत तेच. म्हणून दुसऱ्या होस्टिंगवर कोरं वर्डप्रेस घेतलं, सगळी प्लगिनं मूळ ठिकाणाहून नव्यानं, स्लायडर काढूनच टाकलं (तीन फोटो सरकवायला ते बसवलेलं, साध्या फोटोनं काम भागतं), जुन्या साइटचा फक्त डेटाबेस आणि फोटो घेतले. डेटाबेस ओळीओळीनं तपासला, फोटोंच्या फोल्डरमधनं फोटो सोडून सगळं काढलं आणि तिथं पीएचपी चालणारच नाही असा बंदोबस्त केला. सगळे पासवर्ड, डेटाबेसचा पासवर्ड, वर्डप्रेसच्या गुप्त किल्ल्या, पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे भरून घेणाऱ्या सेवेच्या) की, सगळं नवीन. पीएचपी ८.२ वर आणलं, त्याच्या वर नेता आलं नाही कारण पिनकोडवरनं डिलिव्हरी चार्ज काढणारं एक जुनं प्लगिन ८.३ वर एरर देत होतं.

बॅकअपबद्दल विचारलं तर दोन बॅकअप होते म्हणे. एक त्याच सर्व्हरवर, त्याच खात्यात, म्हणजे चोर ज्या घरात शिरला त्याच घरात तिजोरीची दुसरी किल्ली, तो पण बिघडलेला. दुसरा दुकानातल्या काँप्युटरवर होता, पण २०२१ च्या जुलैमधल्या पुरात दुकानात पाणी आलं, माल माळ्यावर नेला, काँप्युटर खालीच राहिला. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण त्या पोरानं बॅकअप घेतलेला होता, शेठनी जपून ठेवलेला होता, आणि तरी हाताशी काहीच नव्हतं.

तीन दिवस साइटवर काम चालू असल्याची पाटी लावली. ती लावताना सर्व्हरनं ५०३ कोड दिला पाहिजे, म्हणजे गुगलला कळतं की हे तात्पुरतं आहे, नुसतं साधं पान लावलं तर गुगल त्यालाच खरी साइट समजतं. जपानी पानांचे पत्ते ४१० कोड (हे पान कायमचं गेलं) देऊन बंद केले, सर्च कन्सोलमधनं रिव्ह्यू मागितला. सर्च कन्सोलच्या रिमूव्हल टूलनं पानं पटकन लपतात, पण ते साधारण सहा महिन्यांपुरतंच असतं, खरं काढणं म्हणजे पान खरोखर नसणं. अकरा हजारांचा आकडा शंभरच्या घरात यायला मे उजाडला.

६१ चौकशा

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसलो.

डेटाबेस तपासताना मला फॉर्मच्या प्लगिनचं एक टेबल (नोंदींचा तक्ता) दिसलं. साइटवर "घाऊक चौकशी" म्हणून एक फॉर्म होता, नाव, गाव, किती माल पाहिजे, फोन. ह्या प्लगिनची एक चांगली सवय म्हणजे ते मेल पाठवतं आणि एक प्रत स्वतःकडं पण ठेवतं. त्यात १४३ नोंदी. वहिनींना विचारलं तर म्हणल्या, "फॉर्म? त्याच्यावरनं वर्षभरात एक पण आलेलं नाही, आम्हाला वाटलं लोक आता फोनच करतात."

फालतू आणि जाहिरातीच्या काढून टाकल्या तरी ६१ खऱ्या चौकशा उरल्या. वर्षभराच्या. नाशिकचा एक मसाले करणारा, महिन्याला दोन क्विंटल पावडर पाहिजे. इचलकरंजीच्या एक बाई, घरगुती मसाला करून विकतात, त्यांनी तीन वेळा फॉर्म भरलेला, तिसऱ्यांदा लिहिलेलं की "माल नसेल तर तसं तरी कळवा."

झालेलं असं : फॉर्म बसवताना मेल कुणाकडनं आलाय असं दाखवायचं त्या जागी गिऱ्हाइकाचा स्वतःचा ईमेल पत्ता टाकलेला. करणाऱ्याला वाटतं सोयीचं आहे, रिप्लाय दाबलं की थेट गिऱ्हाइकाला जातंय. पण म्हणजे आपला सर्व्हर दुसऱ्याच्या जीमेलच्या नावानं पत्र पाठवतोय. आधी ते खपून जायचं, कधी स्पॅममध्ये का होईना पण यायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं नियम कडक केले, पाठवणाऱ्याच्या डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनकडनं आलाय याची खूण) पाहिजेच, आणि जीमेलचं नाव लावून बाहेरच्या सर्व्हरनं पाठवलेल्या मेलवर जास्त कडक नजर. यांच्या डोमेनला यातलं काहीच नव्हतं. टेबलमधल्या तारखा आणि वहिनींच्या मेलबॉक्समधल्या तारखा शेजारी ठेवल्या तर शेवटचा पोचलेला मेल बरोबर त्याच सुमाराचा.

दुरुस्ती किती मोठी? दीड तास. मेल दुकानाच्या डोमेनच्या नावानं, एसएमटीपीनं (लॉगिन करून मेल पाठवायची रीत) पाठवायचा, गिऱ्हाइकाचा पत्ता "रिप्लाय टू" मध्ये, डोमेनच्या डीएनएसमध्ये (पत्त्याच्या नोंदवहीत) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या (खूण न जुळणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या) नोंदी. दीड तासाचं काम आणि वर्षाचा धंदा.

मी ती यादी प्रिंट करून दुकानात घेऊन गेलो. शेठनी गादीवर बसून चष्मा लावून एक-एक नाव वाचलं. मोठ्यानं. काही बोलले नाहीत, मधेच एका नावावर थांबले आणि म्हणाले, "ह्यांच्या वडलांना मी ओळखतो." मग वहिनींनी दोन दिवस बसून सगळ्यांना फोन केले, उशिराबद्दल माफी मागितली. ६१ पैकी अकरा जण आजही माल घेतात. इचलकरंजीच्या बाई घेतात. नाशिकवाल्यांनी दुसरीकडं लावून घेतलं होतं, ते आले नाहीत.

हॅक झालं ते दिसलं तरी, बोंबाबोंब झाली. हा फॉर्म वर्षभर गप्प मेलेला होता, आणि साइटवर गेलं की "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू" असं दाखवत होता. दुकानाच्या नावानं रोज एक खोटं आश्वासन जात होतं, तेही शेठसारख्या शब्दाला जागणाऱ्या माणसाच्या नावानं.

पैशाचं बोलणं

साफसफाईचं बिल एकदाच, २८ हजार. ते शेठनी लगेच दिलं. पुढं महिन्याचं ठरवायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण प्रत्येक मालकाच्या मनात हेच असतं. "आमचे वडील हरिपूरला पेवात हळद ठेवायचे. पेवाचं तोंड एकदा बंद केलं की वर्षानुवर्षं बघायला नको. मला वाटलं वेबसाइट पण तशीच असतीय. आता काम असेल तेव्हा बोलवतो की तुमाला, ज्या महिन्यात काय कामच नाय त्या महिन्याचे पैसे कशाचे?"

मी म्हणलं, "शेठ, त्या पेवांचं २००५ ला काय झालं?" पुरात पाणी शिरलं होतं, हे त्यांनीच मला आधी सांगितलेलं. मग म्हणलं, पावसाळ्यात तुम्ही रोज सकाळी काय बघता? कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे ते. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. तुमच्या दुकानात पाणी यायच्या आधीच माल माळ्यावर जायला सुरुवात होते. आणि बऱ्याच वर्षी पाणी येतच नाही, तरी त्या वर्षी कुणी म्हणत नाही की फुटं मोजणाऱ्या माणसाचा पगार वाया गेला.

ते हसले नाहीत, विचारात पडले. मग वहिनीच म्हणल्या, "बाबा, काट्याचं पासिंग आपण दरवर्षी करून घेतो, सीसीटीव्हीची एएमसी देतो, ही पण एएमसीच समजा." ठरलं महिन्याला तीन हजार अधिक जीएसटी, डोमेन आणि होस्टिंगचे पैसे वेगळे आणि ते थेट फर्मच्या कार्डवरनं, माझ्या मार्फत नाही. यावर मी अडून बसलो. मेंटेनन्सवाल्याच्या नावावर काहीही असता कामा नये, उद्या मी नसलो, आमचं पटलं नाही, तर दुकानाला माझ्या मामांचा नंबर शोधत फिरायला लागू नये. सगळ्या पासवर्डचा एक बंद लखोटा शेठच्या तिजोरीत आहे, दर तीन महिन्यांनी नवीन देतो.

तीन हजारात काय येतं आणि काय नाही ते मराठीत एका पानावर लिहून दिलं. नवीन पान, नवीन डिझाइन, फोटो काढणं यात नाही. रेट बदलणं वहिनी स्वतः करतात. साइट पडली तर दुकानाच्या वेळेत एका तासात हात लावणार, हे लिहिलंय. "पडणारच नाही" असं कुठंच लिहिलेलं नाही, आणि असं कुणी लिहून देत असेल तर त्याला काम देऊ नका.

महिन्याला नेमकं काय करतो

अपडेट मंगळवारी सकाळी, कधीच शनिवारी संध्याकाळी नाही. आधी साइटच्या डुप्लिकेट कॉपीवर, तिथं एक ऑर्डर टाकून बघायची, मग खऱ्यावर. सिक्युरिटीचं अपडेट असेल तर त्याच दिवशी, वार बघत बसत नाही. दर पाच मिनिटांनी एक बाहेरची सेवा साइट उघडतीय का ते तपासते. बॅकअप रोज, सर्व्हरच्या बाहेर दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर एक आणि आमच्याकडं एक, आणि दर तीन महिन्यांनी तो बॅकअप खरंच उघडून कोऱ्या जागेवर साइट उभी करून बघतो, कारण न उघडलेला बॅकअप आहे की नाही ते कुणालाच माहीत नसतं. एसएसएल, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट, लेट्स एन्क्रिप्टचं आहे, ९० दिवसांचं, आपोआप रिन्यू होतं, पण झालं का ते बघायला माणूस लागतोच.

आणि दर सोमवारी आमची पार्टनर घाऊक चौकशीचा फॉर्म स्वतः भरते आणि वहिनींना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते, आला का? त्या "आला" म्हणतात. एवढंच. माझ्या मते पूर्ण करारातलं सगळ्यात किमती काम हेच आहे, आणि त्याला दोन मिनिटं लागतात.

रिपोर्ट पण व्हॉट्सअ‍ॅपवरच, कारण शेठ मेल बघत नाहीत. काय केलं, काय सापडलं, काय करायचं राहिलं, दहा-बारा ओळी. आधी मी इंग्लिश टूलमधनं निघणारा पंधरा पानी रिपोर्ट पाठवायचो दुसऱ्या गिऱ्हाइकांना, आता सगळ्यांचा बंद केला.

आमची चूक

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, लॉगिनच्या पानावर बाहेरनं खूप मारा होत होता म्हणून आम्ही फायरवॉलला (साइटच्या दारावरच्या पहाऱ्याला) एक नियम लावला. मारा थांबला. पण पैसे भरले की पेमेंट गेटवेकडनं साइटला जो निरोप येतो, ज्याला वेबहुक म्हणतात, तो पण त्याच नियमात अडकला. म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्यातनं पैसे गेले, आणि साइटला कळलंच नाही. वूकॉमर्स अशी ऑर्डर "पेमेंट बाकी" म्हणून ठेवतं, आणि मूळ सेटिंगप्रमाणं ६० मिनिटांनी ती आपोआप रद्द करतं. सतरा लोकांच्या ऑर्डरी पैसे कापल्यावर रद्द झाल्या. सणाच्या आठवड्यात.

आम्हाला कळलं नाही, कारण पाच मिनिटांची तपासणी साइट उघडतीय एवढंच बघते, आणि डुप्लिकेट कॉपीवर आम्ही कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर टाकून बघत होतो. वहिनींनी पकडलं, त्या रोज संध्याकाळी गेटवेचा हिशोब आणि ऑर्डरी जुळवतात. मी तसाच दुकानात गेलो, रात्री साडेदहापर्यंत बसून सतराही ऑर्डरी परत चालू केल्या, सतरा जणांना मी स्वतः फोन केले, दुकानाच्या नावानं नाही, माझ्या नावानं, की चूक माझी आहे. दोघांनी पैसे परत मागितले, ते लगेच दिले.

त्या महिन्याचं बिल लावलं नाही. शेठ म्हणाले लावा, मी नाही म्हणलं. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. सुरक्षेचा कुठलाही नियम लावला की लगेच खऱ्या यूपीआयनं खरी ऑर्डर, पाव किलो हळदीची, पैसे आमचे. आणि "पेमेंट बाकी" असलेल्या तीन ऑर्डरी दिसल्या की मला फोनवर सूचना. तीनच का तर एक-दोन माणसं खरंच अर्ध्यात सोडून जातात.

आता कुठं आहे

गुगलवर दुकानाचं नाव टाकलं की दुकानच येतं. फॉर्मवरनं महिन्याला सात-आठ खऱ्या चौकशा येतात आणि त्याच दिवशी फोन जातो.

एक काम लोंबकळत आहे. पीएचपी ८.२ च्या सिक्युरिटीची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपतीय, आणि ते पिनकोडवालं प्लगिन अजून तिथंच अडकलेलं आहे, करणाऱ्यानं दोन वर्षांत त्याला हात लावलेला नाही. दोन रस्ते आहेत, दुसरं विकतचं प्लगिन घ्यायचं आणि वर्षाला पैसे भरायचे, किंवा डिलिव्हरीचे दरच सोपे करायचे, महाराष्ट्रात एक, बाहेर एक, म्हणजे प्लगिनच लागणार नाही. मला दुसरं पटतं. वहिनींना वाटतं की कोल्हापूर-मिरजेच्या गिऱ्हाइकाला मुंबईएवढाच चार्ज लावणं बरोबर नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात पण तथ्य आहे. गेल्या वर्षीच्या पार्सलांचा पिनकोडवार हिशोब काढून द्या, मग बोलू, असं शेठनी सांगितलंय, तो काढतोय. त्यांनी एकच अट घातलीय, काहीही करा पण दिवाळी झाल्यावर आणि नव्या हळदीचे सौदे निघायच्या आधी.